स्पॅनिश भाषिक देश आणि आपली शाळा



परदेशाचा भूगोल शिकवावयाचा म्हटले की देश, राजधानी, मुख्य पिके आणि मुख्य निर्यात अशी चार रकान्यांची यादी फळ्यावर उमटते. मुले ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या इयत्तेत जाताना विसरून जातात. यात मुलांचा दोष नाही. ज्या देशाशी आपला काडीचाही संबंध नाही असे मनाने आधीच ठरविले आहे, त्याचे नाव लक्षात ठेवण्याचे कारण मुलाला सापडत नाही. ते कारण त्याच्या हाती देणे हे शिक्षकाचे काम होय. स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या देशांच्या बाबतीत त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते कारण महाराष्ट्रात घरोघरी एकादशीच्या ताटात वाढलेले असते.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होते. आपल्याकडील साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून तयार करतात आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. खिचडीतील शेंगदाणा, बटाटा व हिरवी मिरची ही तिन्ही अमेरिका खंडातूनच आली. ताटातील रताळे आणि राजगिऱ्याचा लाडू यांचेही मूळ तिकडेच सांगितले जाते. ज्ञानदेवांच्या काळी आळंदीस एकादशी होती. परंतु मिरची, बटाटा आणि शेंगदाणा यांचे नाव कोणाच्या कानी नव्हते. मेक्सिकोतील मुले आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात वळून केलेली वडी आवडीने खातात. त्या वडीला तेथे ‘आलेग्रिया’, म्हणजे ‘आनंद’ असे नाव आहे. आपल्याकडील मूल यात्रेत राजगिऱ्याची चिक्की घेते, तेव्हा त्या दोन मुलांमध्ये हजारो मैलांचे अंतर असले, तरी चव एकच असते. भूगोलाचा पाठ येथून सुरू करता येतो.

नकाशा कसा वाचावा

स्पॅनिश ही जगातील सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे. वीस सार्वभौम देशांत तिला राजभाषेचे स्थान आहे. त्यांपैकी स्पेन युरोपात, विषुववृत्तीय गिनी आफ्रिकेत आणि उरलेले अठरा अमेरिका खंडांत आहेत. उत्तरेस मेक्सिकोपासून दक्षिणेस चिली व अर्जेंटिनापर्यंत बोट फिरविले, तर ब्राझीलचा विस्तीर्ण प्रदेश मात्र वगळावा लागतो, कारण तेथील भाषा पोर्तुगीज आहे. असे का, हा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारणारच. त्याचे उत्तर १४९४ सालच्या तोर्देसियासच्या तहात आहे. स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राज्यांनी, ज्या भूमीवर आपले पाऊलही पडले नव्हते तिची वाटणी, अटलांटिक महासागरात एक उभी रेषा कल्पून करून टाकली. रेषेच्या पूर्वेस पडलेल्या भागात पोर्तुगीज भाषा रुजली, पश्चिमेस स्पॅनिश. त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांना कोणी काही विचारले नाही.

याच दोन सत्तांपैकी एक गोव्यात आणि वसईत आली होती, हे महाराष्ट्रातील मुलास ठाऊक असते. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे होते. म्हणजे त्या अवधीत गोव्यावर अंमल करणारा राजा स्पेनचाही राजा होता, ही गोष्ट सांगितली की दूरचा इतिहास आपल्या किनाऱ्याशी येऊन भिडतो. मिरचीचे बी आपल्याकडे आले तेही पोर्तुगीज जहाजांतून, सोळाव्या शतकात.

बालभारतीने २०१८ साली इयत्ता दहावीसाठी जे भूगोलाचे पुस्तक सिद्ध केले, त्यात भारत आणि ब्राझील या दोन देशांची शेजारी शेजारी मांडणी करून तुलना केलेली आहे. तुलनेची ही पद्धत ब्राझीलच्या शेजाऱ्यांनाही लावता येते. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. जुनाच नकाशा नव्या प्रश्नांनी पाहावा लागतो.

पर्वत, वारा आणि पाऊस

पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे माण, खटाव, जत येथील मुलाला शिकवावे लागत नाही. ते मूल त्या छायेतच वाढलेले असते. महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तेथून तीस-पस्तीस किलोमीटरांवरील वाईस त्याचा लहानसा अंशच पोचतो, हे सह्याद्रीचे काम. अँडीज पर्वत हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. ही पर्वतरांग सुमारे ७,००० किलोमीटर लांब आहे आणि अर्जेंटिनातील अकाँकाग्वा हे तिचे सर्वोच्च शिखर ६,९६१ मीटर उंच आहे. उत्तरेकडील भागात वारे पूर्वेकडून येतात. त्यामुळे पूर्वेचा उतार दाट अरण्यांनी झाकलेला असून पश्चिमेस समुद्राला लागून अटाकामाचे वाळवंट पसरले आहे. दक्षिणेकडे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून तेथे चिलीची बाजू ओली आणि अर्जेंटिनातील पातागोनिया कोरडा. पर्वत एकच, वारा फिरला की सावलीची बाजू फिरते. सह्याद्री पाहिलेल्या मुलाला हे सूत्र एका वाक्यात उमगते.

अटाकामात काही ठिकाणी वर्षभराचा सरासरी पाऊस अवघा काही मिलिमीटर असतो. उत्तर चिलीतील चुंगुंगो या मच्छीमारांच्या वस्तीजवळील डोंगरावर १९९२ साली बारीक जाळ्या उभारून धुक्यातील पाणी गोळा करण्याची योजना सुरू झाली. समुद्रावरून येणारे धुके जाळ्यांवर साचे, थेंबांची धार होई आणि ते पाणी नळावाटे गावात पोचे. काही वर्षे गावाची तहान त्यावर भागली. पुढे देखभालीची जबाबदारी कोणी नीट उचलली नाही आणि जाळ्या फाटून योजना बंद पडली. योजना आखणे एक आणि ती गावाने आपली मानणे दुसरे, हा बोध पंचायत सदस्यांना निराळा सांगावयास नको.

एका वर्षाच्या दोन आपत्ती

पेरू देशाच्या किनाऱ्यालगतचा समुद्र थंड असतो. तळाचे पाणी वर येत असल्याने त्यात माशांचे खाद्य विपुल असते. काही वर्षांच्या अंतराने मात्र नाताळच्या सुमारास तेथे गरम पाणी पसरते आणि मासळी नाहीशी होते. नाताळात येणारे हे पाणी म्हणून तेथील कोळ्यांनी त्यास ‘एल निन्यो’, म्हणजे ‘बाळ येशू’, असे नाव दिले. आपल्या वृत्तपत्रांत पावसाच्या अंदाजाबरोबर हेच नाव ‘एल निनो’ म्हणून वाचावयास मिळते.

गरम पाणी पॅसिफिकच्या पूर्वेकडे सरकले की वाऱ्यांची आणि ढगांची नेहमीची बैठक मोडते आणि पुष्कळदा भारतातील मोसमी पाऊस कमी पडतो. हा दुवा प्रथम ध्यानी आला तो भारतातच. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचे भाकीत करण्यासाठी जगभरच्या नोंदी ताडून पाहत होते. भारताकडील आणि पॅसिफिककडील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे खालीवर होतो, असे त्यांना त्या नोंदींत आढळले.

१९७२ साली पेरूच्या समुद्रात एल निन्यो प्रबळ झाला. तेथे १९७० साली सुमारे १ कोटी २० लाख टनांपर्यंत गेलेली अँचोवी या लहान माशाची पकड १९७३ साली २० लाख टनांच्या घरात आली. आधीच बेसुमार झालेली मासेमारी हेही त्याचे कारण होतेच. बंदरांवर होड्या उलट्या पडल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात पाऊस रुसला, विहिरी कोरड्या पडल्या आणि लक्षावधी स्त्रीपुरुष खडी फोडण्याच्या कामावर आले. त्या अनुभवातूनच कामाच्या हक्काचा विचार दृढ झाला आणि महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ अस्तित्वात आला. पेरूचा कोळी आणि मराठवाड्यातील शेतकरी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. तरी त्या वर्षी दोघांच्या चुली एकाच समुद्राने विझविल्या होत्या.

येथे शिक्षकाने एक सावधगिरी घ्यावी. दर एल निन्यो वर्षी आपल्याकडे दुष्काळ पडतोच, असे नाही. १९९७ साली तो अतिशय तीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. निसर्गातील संबंध शक्यतेचे असतात, सक्तीचे नसतात, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे. गावातील आजोबांना ७२ च्या दुष्काळाविषयी विचारून यावे आणि वर्गात पॅसिफिकचा नकाशा लावून ती हकीकत सांगावी, एवढ्या अभ्यासात इतिहास, भूगोल आणि विज्ञान हे तिन्ही विषय येतात.

शब्दांचा प्रवास

भाषेच्या तासालाही या विषयाचा उपयोग आहे. स्पॅनिशमध्ये दोनला ‘दोस’, तीनला ‘त्रेस’, सातला ‘सिएते’, आठला ‘ओचो’ आणि नऊला ‘नुएवे’ म्हणतात. संस्कृत आणि लॅटिन या एकाच भाषाकुलातील असल्याने हे साम्य दिसते. साखरेला तेथे ‘असुकार’ म्हणतात. संस्कृतातील शर्करा पर्शियात गेली, तेथून अरबांकडे, आणि इ. स. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर अरबी भाषिकांची सत्ता असताना तिने स्पेनमध्ये प्रवेश केला. संत्र्याचा ‘नारांहा’ हाही आपल्या ‘नारंग’चाच वंशज. नागपूरच्या मुलाला हे ऐकून कौतुक वाटेल.

मात्र प्रत्येक सारख्या नावामागे नाते असतेच, असे समजू नये. पेरू हे फळ उष्ण अमेरिकेतील आहे हे खरे. परंतु देशाचे आणि फळाचे नाव एक म्हणून फळाचे नाव देशावरून पडले, असे ठोकून देऊ नये. साम्य दिसले की आधी शोध, मग निष्कर्ष, ही शिस्त अशाच लहान उदाहरणांतून अंगी बाणते.

झेंडूची फुले

संस्कृती शिकविताना दोन टोके टाळावयास हवीत. एका टोकाला ‘ते लोक किती विचित्र’ हा भाव असतो आणि दुसऱ्या टोकाला ‘ते अगदी आपल्यासारखेच’ हा. स्पेन म्हणजे बैलांची झुंज आणि मेक्सिको म्हणजे रुंद काठाची टोपी, एवढ्यावर थांबणारा पाठ मुलाची दृष्टी रुंदावत नाही. उलट अरुंद करतो.

मेक्सिकोत दरवर्षी १ व २ नोव्हेंबरला दिवंगतांचा दिवस पाळतात. घरात ओटा सजवितात, धूप जाळतात, पाणी ठेवतात आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडतात. ओट्यावर आणि वाटेवर पिवळ्याधमक झेंडूच्या फुलांची रास असते. २००८ साली युनेस्कोने या प्रथेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. आपल्याकडे पितृपक्षात पान वाढतात आणि दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण बांधतात. हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. या दोन प्रथा एकमेकींतून निघाल्या, असे मात्र नव्हे. गेलेल्या माणसाची आठवण अन्नातून जागवावी असे दोन दूरच्या समाजांना स्वतंत्रपणे वाटले, एवढेच खरे आणि तेवढेच पुरेसे आहे.

या संस्कृतीची दुसरी बाजूही झाकू नये. सोळाव्या शतकातील आक्रमणाने मेक्सिकोतील आस्तेक आणि पेरूतील इंका यांची राज्ये नष्ट झाली. तलवारीपेक्षाही देवीच्या साथीने अधिक माणसे मारली. १५४५ साली बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला आणि सक्तीच्या मजुरीने असंख्य लोकांचे आयुष्य त्या खाणींत संपले. आज तेथे स्पॅनिश बोलली जाते ती या इतिहासातून.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

तरीही तेथील जुन्या भाषा मेल्या नाहीत. पेरूने १९७५ साली केचुआ भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. पॅराग्वेच्या १९९२ च्या घटनेने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा मानले. बोलिव्हियाच्या २००९ च्या घटनेत स्पॅनिशबरोबर ३६ देशी भाषांना मान्यता आहे. कायद्याने भाषा जगतेच असे नाही. पण घरी बोलली जाणारी भाषा कमी प्रतीची नाही, एवढे शासनाने लेखी सांगितले, हे थोडे नव्हे.

मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस हे सापोतेक जमातीतील अनाथ मूल होते. १८१८ साली बाराव्या वर्षी ते डोंगरातील गाव सोडून ओआहाका शहरी आले, तेव्हा त्यांना स्पॅनिश धड येत नव्हती. चाळीस वर्षांनी, १८५८ साली, ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या मुलास पहिल्याच दिवशी ‘मंद’ ठरवून घरी पाठविले असते, तर देश एका नेत्यास मुकला असता.

हा भाग महाराष्ट्रातील शिक्षकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, सातपुड्यात भिलीच्या बोली घेऊन मुले शाळेत येतात. पुस्तकातील मराठी त्यांस नवी असते. पहिल्या वर्षी ती गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्याला पुष्कळदा बुद्धीचा अभाव समजले जाते. अशी मुले शाळेतून गळतात तेव्हा हजेरीपटावर फक्त एक रेघ ओढली जाते. पॅराग्वेचा पाठ शिकविताना शिक्षकाने वर्गाला ‘तुमच्या घरी पाण्याला काय म्हणतात?’ एवढे विचारले आणि आलेली सर्व उत्तरे फळ्यावर सारख्याच अक्षरांत लिहिली, तर त्या दिवशीचा भूगोल सार्थकी लागला असे म्हणावे.

वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचे शेत

या देशांशी महाराष्ट्राचे नाते केवळ बियाण्यांचे नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीत होते. ब्रिटिश सत्तेमुळे मायदेशाचे दार बंद झाले तेव्हा, १९२० नंतरच्या दशकात, ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात, सर्वांसमवेत बसून भाकरी मोडणारा जो पुरुष आहे, तो खानखोज्यांच्या रूपात आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपूर येथे निवर्तले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मक्याच्या मायभूमीत मक्यावर काम करणारा हा मराठी माणूस विदर्भातील तरी प्रत्येक शाळेस ठाऊक असावा.

पुढे त्याच देशातून मदतीचा हात इकडे आला. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत विकसित केलेल्या या वाणांनी आपल्या हरितक्रांतीस गती दिली.

एक खेड्यातील शिक्षिका

ज्यांच्याकडे साधने अपुरी आहेत त्या शिक्षकांनी चिलीच्या गाब्रिएला मिस्त्राल यांचे चरित्र अवश्य पाहावे. घरची परिस्थिती बेताची असल्याने त्यांनी पंधराव्या वर्षीच खेड्यातील शाळेत साहाय्यक शिक्षिकेचे काम पत्करले. १९२२ साली मेक्सिकोने ग्रामीण शिक्षणाच्या आणि ग्रंथालयांच्या कामासाठी त्यांना सन्मानाने बोलावून घेतले. १९४५ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या लॅटिन अमेरिकेतील पहिल्या साहित्यिक होत. आपल्या पुस्तकांचे दक्षिण अमेरिकेतील उत्पन्न त्यांनी ज्या माँतेग्रांदे गावात बालपण गेले तेथील मुलांच्या नावे ठेवले.

शाळेत काय करता येईल

यासाठी खर्चाची गरज अल्प आहे. मुलांनी घरच्या स्वयंपाकघरातील जिन्नसांची यादी करावी आणि प्रत्येकाचे मूळ नकाशावर दोऱ्याने जोडावे. गावातील पर्जन्यमापकाची नोंद रोज फळ्यावर यावी. नागपुरात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा मेक्सिको शहरात आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आपल्याकडे डिसेंबरात हुडहुडी भरते तेव्हा चिलीत उन्हाळा असतो आणि तेथील शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. या दोन गोष्टी पृथ्वीचा गोल आणि एक दिवा घेऊन दाखविता येतात. ग्रामपंचायतींनी एक पृथ्वीगोल आणि एक चांगला नकाशासंग्रह शाळेस द्यावा व तो कपाटात कुलूपबंद राहणार नाही, हे पाहावे.

दूरचा देश शिकताना मूल स्वतःचे गाव नव्याने पाहू लागते. शेतातील मका, दारावरचा झेंडू, आजोबांचा दुष्काळ आणि शेजारच्या बाकावरील मुलाची वेगळी बोली ही सारी त्याला एका मोठ्या जगाचा भाग वाटू लागतात. पुढे हेच मूल सरपंच होईल, शिक्षक होईल किंवा शेती करील. अनोळखी माणसाकडे कुतूहलाने आणि आदराने पाहण्याची सवय त्याला तेव्हा उपयोगी पडेल. ती सवय आजच, या वर्गात, लावावयाची आहे.